भिंतीवरची आणि हवेतली

गगनबावड्यात जुलैच्या भर पावसात घराची भिंत काळी-हिरवी होते, चपलांना बुरा चढतो, पलंगाखालची सुटकेस पांढरी पडते. त्याच खोलीत दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवलेली पेट्री डिश कोल्हापुरात आणून उबवली, तर तिच्यावर जेमतेम चार-सहा ठिपके उठतात. पुढे ऑक्टोबरात ऊन पडतं, भिंत खडखडीत वाळते, घर झाडूनपुसून लख्ख होतं, आणि तेव्हा तिथंच ठेवलेली प्लेट अशी गच्च भरते की मोजायला बसलं तर एका वसाहतीची कड दुसरीत शिरलेली. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मी बरीच वर्षं या गावातल्या घरांत, शाळेत, कचेरीत अशा प्लेटा मांडत आले. त्यातून हाती लागलेली मुख्य गोष्ट एका ओळीत मावते. बुरशीला वाढायला ओल लागते आणि उडायला कोरडेपणा. भिंतीवर दिसते ती बुरशी आणि नाकात जाते ती बुरशी यांचे हंगाम वेगळे असतात. आपण घाबरतो भिंतीवरचीला, आणि बेसावध राहतो नेमके त्या दिवसांत, जेव्हा ती भिंत सोडून निघालेली असते.

कोल्हापुरातून निघून बालिंगा, कळे, साळवण, असळज करत गाडी पश्चिमेला सरकते तसा पाऊस वाढत जातो. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि तिथून 55 किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या घरात. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस दहापट होणारे जिल्हे फार नसतील. गाव सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. एका बाजूनं करूळ घाट, दुसऱ्या बाजूनं भुईबावडा घाट कोकणात उतरतो. समुद्रावरून आलेली हवा हा कडा चढताना थंड होते आणि जवळचं बरंचसं पाणी इथंच टाकते. गगनगडाचा माथा जूनमध्ये ढगात जातो तो मधूनच कधीतरी दिसतो. ढग सोप्यात शिरतो, माजघरात येऊन बसतो. आर्द्रतामापकाचा काटा नव्वदच्या खाली यायचं नाव घेत नाही.

कुंभीला पूर आला की मांडुकली, खोकुर्ले, लोंघे इथं रस्त्यावर पाणी येतं आणि एसटी बंद होते. आमच्या प्लेटा थर्माकोलच्या खोक्यात असायच्या. रस्ता बंद झाला की खोकं गावातच कुणाच्या तरी मांडणीवर राहायचं, आणि ऱ्हायझोपस नावाची बुरशी दोन दिवसांत सगळी प्लेट कापसासारखी भरून झाकण उचलू पाहायची. तिच्या खाली बाकीचं काय उगवलं होतं ते मग देवालाच ठाऊक. यावर उपाय म्हणून आम्ही प्लेटमधल्या अगरमध्ये, म्हणजे बुरशी ज्याच्यावर वाढते त्या जेलीसारख्या थरात, रोझ बेंगॉल घालू लागलो. त्या गुलाबी रंगानं पसरणाऱ्या बुरश्या आवरतात आणि जिवाणूही दबतात. घरातल्या बायकांना मात्र त्या गुलाबी प्लेटा फार आवडायच्या. जेली आहे का, असं एका पोरानं विचारलं होतं, आणि त्याच्या आईनं ती लगेच फळीवर उंच नेऊन ठेवली.

कामाची सुरुवात एका विद्यार्थिनीच्या एम. एस्सी.च्या प्रकल्पातून झाली. ती इथलीच. तिला दमा होता आणि तो पावसाळ्यात बरा असायचा, पाऊस ओसरला की उसळायचा. घरचे म्हणायचे, हवा बदलली की होतंच. तिला त्या 'हवे'त नक्की काय असतं ते बघायचं होतं.

प्लेट उघडी ठेवायची पद्धत गरिबाची, आणि तिची मर्यादा सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. प्लेटवर पडतं ते जड. अल्टर्नेरिया या बुरशीचा मोठा बीजाणू टेबलाच्या उंचीवरून काही मिनिटांत खाली येतो. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचा, तो शांत हवेत तासाला मीटरभर खाली आला तर आला. पंखा चालू असला तर तेवढंही नाही. म्हणजे जो फुप्फुसात सगळ्यात खोल जातो तोच प्लेटवर कमी सापडतो. मोजून हवा ओढणारी यंत्रं यासाठीच आहेत. अँडरसनचा सहा चाळण्यांचा सॅम्पलर 1958 सालचा आहे, मिनिटाला 28.3 लिटर हवा ओढतो. तो आम्हाला उसना मिळायचा, कधी मिळायचा कधी नाही. महाराष्ट्रात हा विषय रुजवला तो औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या डॉ. एस. टी. टिळकांनी. त्यांच्या नावाचाच एक सॅम्पलर आहे. त्यात फिरत्या ड्रमवर पारदर्शक पट्टी लावतात आणि हवेतलं जे जे येईल ते दिवसामागून दिवस तिच्यावर चिकटत जातं. अजिंठ्याच्या चित्रांवर हवेतल्या बुरश्यांचा काय परिणाम होतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. आपल्या देशात या कामाची सुरुवात त्याच्याही खूप आधी, 1873 साली झाली. कनिंगहॅम नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं कलकत्त्याच्या तुरुंगांमधली हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. कैद्यांच्या आजारांचा हवेतल्या कणांशी संबंध आहे का, हे त्याला पाहायचं होतं.

टिळक सॅम्पलरची पट्टी आणि आमची प्लेट शेजारी-शेजारी ठेवल्यावर जुलैचं कोडं सुटायला लागलं. प्लेट रिकामी होती म्हणून हवा रिकामी नव्हती. पट्टीवर गॅनोडर्मासारख्या लाकूड कुजवणाऱ्या छत्र्यांचे बीजाणू आणि पावसानंतर उडणारे अ‍ॅस्कोबीजाणू दिसत होते. हे ओल्या हवेतच सुटतात, रात्री आणि पहाटे जास्त. भोवती जंगल आहे, ते येणारच. पण आमच्या अगरवर ते सहसा उगवत नाहीत. उलट घरात वाढणाऱ्या नेहमीच्या बुरश्या, म्हणजे क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस, त्या दिवसांत भिंतीला धरून बसलेल्या असतात. बाहेर उडालेले बीजाणू पाऊस धुऊन खाली आणतो, आणि आतल्यांना उडवायला कोरडी झुळूक नसते. क्लॅडोस्पोरियमच्या माळेतले बीजाणू हवा कोरडी पडू लागली, थोडा वारा लागला की तुटून सुटतात. पेनिसिलियम-अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू पाणी न धरणारे, पिठासारखे सुटे, एका फटक्यात हजारोंनी उठणारे. स्टॅकिबॉट्रिससारख्या काही बुरश्यांचे बीजाणू मात्र ओले असताना चिकट असतात. ते वाळेपर्यंत जागचे हलत नाहीत.

हे सगळं पुस्तकातही सापडतं. पण घरागणिक ते कसं बदलतं, हे घरातच जाऊन कळलं.

आमच्या कामातलं सगळ्यात जुनं घर जांभ्याच्या चिऱ्याचं, वर कौलं. पुढे सोपा, मग माजघर, त्याला लागून गोठा, मागे चुलीची खोली. पश्चिमेच्या भिंतीला उसाच्या पाल्याची झडी बांधलेली. घरातल्या आज्जी चुलीपुढून उठायच्या नाहीत. पावसाळ्यात त्यांची चूल विझतच नसे. निखाऱ्यांवर बांबूचं डालगं पालथं घातलेलं आणि त्याच्यावर नातवंडांचे कपडे, कधी शाळेची चड्डी, कधी कानटोपी. चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याची मोटली, सुकी मासळी, आणि कापडात गुंडाळलेल्या दोन पोथ्या. त्या पोथ्या मी उलगडून पाहिल्या. धुरानं कडा तपकिरी झाल्या होत्या, पण एकाही पानावर बुरशीचा डाग नव्हता. त्याच घरात सोप्यातल्या खुंटीला टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर बोटभर हिरवट लव होती.

"बाई, आग हाय तिथं बुरा न्हाई," आज्जी म्हणाल्या, "आणि आग विझली की त्यो आलाच म्हणून समजा."

याचं गणित मी नंतर वर्गात फळ्यावर करून दाखवायला लागले. बाहेरची हवा 22 अंशांची आणि तिची आर्द्रता 95 टक्के धरा. हीच हवा चार अंशांनी तापवली, एक थेंबही पाणी काढलं नाही, तरी तिची आर्द्रता 75 च्या आसपास येते. आणि 75-80 हीच सीमा आहे. पृष्ठभागाजवळची आर्द्रता त्याखाली राहिली तर घरातल्या बहुतेक बुरश्यांना अंकुर फुटत नाही. कोरड्यात तगणाऱ्या काही अ‍ॅस्परजिलसच्या जाती पंचाहत्तरच्या आसपास रांगतात, पेनिसिलियमला ऐंशीच्या पुढे लागतं, क्लॅडोस्पोरियमला आणखी थोडं वर, आणि स्टॅकिबॉट्रिसला तर जवळजवळ भिजलेलीच जागा लागते. म्हणून भिंतीवर कुठली बुरशी आहे यावरून भिंत किती ओली आहे ते सांगता येतं. चूल विझू न देणं ही आज्जींची सवय त्या चार अंशांसाठी होती. कौलांच्या फटींतून वाफ वर निघून जायची, हा त्यातला दुसरा अर्धा भाग.

पण जुन्या घराचं गुणगान इथंच थांबवलेलं बरं. त्याच घराच्या गोठ्यात ठेवलेली प्लेट वर्षभरात कधीच कमी भरली नाही. भाताचं पिंजार, शेणी, ओलसर सरकी, उकिरडा अगदी दाराशी. आतून तापणारा शेणाचा ढीग हे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचं माहेर. ही बुरशी 45 अंशांतही सुखानं वाढते, म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब तिला काहीच नाही. गोठा आणि माजघर यांच्यामध्ये नुसती कुडाची भिंत असेल तर तिचे बीजाणू अंथरुणापर्यंत पोचतात. आणि धुराचं काय? पोथ्या टिकल्या, पण आज्जींचे डोळे आणि छाती त्याच धुरात गेली. ज्यांना चुलीची हौस वाटते त्यांनी एक पावसाळा तिच्यापुढे बसून भाकऱ्या थापाव्यात.

आज्जींच्या थोरल्या मुलानं शेजारीच स्लॅबचं घर बांधलं. मे महिन्यात प्लास्टर, जूनच्या पहिल्या आठवड्यात रंग, लगोलग राहायला. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या घट्ट बसणाऱ्या. गॅस आला, चूल गेली. पश्चिमेच्या भिंतीला प्लायवूडचं कपाट अगदी टेकवून. खोलीत आडवी दोरी, तिच्यावर सहा माणसांचे ओले कपडे. ऑगस्टमध्ये कपाटामागची भिंत मला दाखवली तेव्हा तिच्यावर कपाटाच्या मापाचा काळा चौकोन होता. नव्या प्लास्टरमध्येच कितीतरी पाणी असतं, ते वाळायच्या आधी रंगानं कोंडलं. गॅसची वाफ, कपड्यांची वाफ आणि माणसांचे श्वास बाहेर जायला वाट नाही. आणि रंग तरी कसला, तर पाण्यात कालवायचा डिस्टेंपर. त्यात घट्टपणासाठी घातलेले पदार्थ बुरशीला खायला चालतात. पूर्वी दिवाळीला भिंतींना चुना द्यायचे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्याच्यावर बुरशीचा बीजाणू पडला तरी जगत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याची धार हळूहळू जाते, म्हणूनच तो दरवर्षी द्यावा लागायचा. त्याच्या जागी 'वॉशेबल' रंग आला आणि आता भिंत पुसता येते, असं लोक अभिमानानं सांगतात. पुसायला लागते म्हणूनच पुसता येते, हे कुणी बोलत नाही.

स्लॅब गळायला लागला की कोल्हापूरकडे एक ठरलेला उपाय असतो, स्लॅबवर लोखंडी चौकट उभारून पत्रा मारायचा. त्याला लोक हसतात, पण मला तो पटलेला आहे. पत्र्याखालच्या मोकळ्या जागेत कपडे वाळतात आणि खोलीतली दोरी निघते. त्या एका दोरीनं खोलीच्या हवेत किती पाणी सोडलेलं असतं ते कपडे वाळत घालायच्या आधी आणि वाळल्यावर तोलून बघावं. आमच्या मुलींनी ते करून पाहिलं होतं, आणि त्यानंतर त्यांच्या घरी आईशी जी वादावादी झाली ती वेगळी.

खिडकी उघडावी की लावावी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. शहरातले लेख वाचून लोक म्हणतात, हवा खेळती ठेवा. गगनबावड्याच्या जुलैत खिडकी उघडली की ढगच आत येतो. बाहेरची हवा आतल्याहून ओली असताना खेळती हवा म्हणजे भिंतीला आणखी पाणी पाजणं. तेव्हा खिडकी लावून थोडी ऊब ठेवलेली बरी, स्वयंपाकाच्या वेळी मात्र वाफ बाहेर जाईल एवढी फट हवीच. सप्टेंबरच्या शेवटाला सकाळी अकरा ते दुपारी चार बाहेर कोरडं असतं, तेव्हा दारं-खिडक्या सताड उघडाव्यात. म्हणजे उत्तर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. शिरोळला दिलेला सल्ला गगनबावड्याला लागू पडत नाही.

त्या भागातल्या एका सरकारी कचेरीत जुन्या कागदांची खोली होती. कुठली ते सांगत नाही, अशा खोल्या सगळीकडेच आहेत. या गावाला कागदांची परंपरा मोठी. बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर, आणि पंत अमात्य बावडा दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. इतक्या पावसाच्या मुलखात कागद टिकवायचे म्हणजे ते हाताळणाऱ्या माणसांना किती सांभाळावं लागलं असेल! या कचेरीतले कागद त्या मानानं अलीकडचे. फेरफार, कडईपत्रकं, लाल रुमालांत बांधलेली गाठोडी, लोखंडी रॅकवर छतापर्यंत. छत गळतं म्हणून कुणीतरी रॅकवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली होती. पाणी अडलं, पण कागदांतून निघणारी वाफही त्याच ताडपत्रीखाली अडली.

मी तिथं प्लेट ठेवली ती सकाळी, पंखा बंद, कुणी माणूस नाही. काही वेळानं दुसरी ठेवली, आणि कारकूनसाहेबांना म्हटलं, रोज काढता तसा एक रुमाल काढा. त्यांनी वरच्या फळीवरून गाठोडं ओढलं, टेबलावर आपटून धूळ झटकली, गाठ सोडली, पंख्याचं बटण दाबलं. सगळं सवयीनं. रजिस्टरचा पुठ्ठा खळ लावून चिकटवलेला, त्या खळीच्या रेषेवर बरोबर करडी लव उठलेली. पानांच्या कडांना तपकिरी ठिपके, आणि एका कोपऱ्यात कीटोमियमचे काळपट केसाळ पुंजके, भिंगातून पाहिले तर वाळलेल्या तणासारखे दिसणारे. पान उलटताना खिडकीच्या उजेडात एक धुरकट झोत उठून पंख्याकडे गेला. साहेब दोनदा खोकले आणि म्हणाले, "धुळीची अ‍ॅलर्जी आहे मॅडम, वीस वर्षांची."

पहिल्या प्लेटवर थोडंसं उगवलं. दुसरीवर गुलाबी अगर कुठं दिसत नव्हतं, सगळी निळसर हिरवी आणि मध्ये मध्ये अ‍ॅस्परजिलस नायजरचे काळे ठिपके. दोन्ही प्लेटा मी त्यांना दाखवायला घेऊन गेले. खोली तीच, सकाळ तीच, मध्ये फक्त एक रुमाल सोडला गेला होता. त्यांनी त्या बराच वेळ न्याहाळल्या आणि विचारलं, ही ह्याच खोलीतली कशावरून? प्रश्न रास्त होता. तिथंच त्यांच्या समोर पुन्हा प्लेटा मांडल्या, झाकणावर त्यांचीच सही घेतली. त्यानंतर ताडपत्री निघाली, रॅक भिंतीपासून हातभर पुढे आले, आणि रुमाल खोलीबाहेर व्हरांड्यात सोडायचे, पंखा लावायचा नाही, तोंडाला मास्क लावायचा, एवढं ठरलं. गळती तेवढी दुरुस्तीच्या यादीत राहिली.

कपाटातल्या बल्बचीही एक गंमत आहे. ओल्या मुलखात कॅमेरे, पुस्तकं, रेशमी साड्या ठेवलेल्या कपाटात लोक एक छोटा बल्ब चोवीस तास जळत ठेवायचे. पिवळ्या बल्बची जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच जायची, त्यामुळे कपाटात चुलीच्या माळ्यासारखी ऊब राहायची. मग सगळीकडे एलईडी आले. कपाटात दिवा आहे, तो जळतोही आहे, पण आतल्या वस्तूंना बुरा का चढतो, हे एका फोटो स्टुडिओवाल्याला कळेना. एलईडी गार असतो हेच त्याचं उत्तर.

2021 च्या पावसाळ्यात मला जेवढे फोन आले तेवढे आधी कधी आले नव्हते. त्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस 'काळी बुरशी' या नावानं घरोघरी पोचला होता, आणि जून-जुलैत इथल्या भिंती नेहमीप्रमाणे काळ्या झाल्या. लोक हादरले. एका घरात आजारातून उठलेल्या माणसाला गोठ्याच्या माडीवर हलवलं, कारण खोलीच्या भिंतीवर काळे डाग होते. मला तेव्हा फोनवर ओरडूनच सांगावं लागलं की त्यांना आधी खाली आणा. भिंतीवरचा काळा रंग बहुधा क्लॅडोस्पोरियम आणि तिच्यासारख्या बुरश्यांचा असतो. म्युकर गटातल्या बुरश्या शिळ्या भाकरीवर, गुळावर, सडक्या फळावर पांढऱ्या-करड्या कापसासारख्या दिसतात. आजाराला काळी म्हणतात ते मेलेल्या ऊतीच्या रंगावरून. आणि ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, साखर वाढली आहे, त्याच्यासाठी काळ्या भिंतीपेक्षा पिंजार आणि शेणाचा ढीग जास्त जोखमीचा.

आता ऑक्टोबरकडे येते, कारण कामाचा खरा जीव तिथं आहे. घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर काढतात. वाकळा, सतरंज्या, पांघरुणं नदीवर जातात, माळे झाडले जातात, डबे उतरतात, जाळी-जळमटं निघतात. गगनबावड्यात याच सुमारास पाऊस ओसरायला लागलेला असतो. झड्या सुटतात, भिंती वाळतात. चार महिने ओलीत वाढलेली बुरशी कोरडी होते आणि नेमका त्याच आठवड्यात तिला केरसुणीचा फटका बसतो. त्यातच बाहेर भात कापणीला येतं, मळणी सुरू होते, पिंजार घरात येतं. आमच्या वर्षभराच्या नोंदींत सगळ्यात भरलेल्या प्लेटा याच दिवसांतल्या, आणि त्यातही माळा झाडत असतानाच्या. केरसुणी हातात असते बाईच्या. तिचा खोकला मग 'हवा बदलली' या खात्यावर जमा होतो.

आमच्या विद्यार्थिनीचा दमा याच आठवड्यांत उसळायचा. तिच्या बाबतीत कारण एवढंच होतं असं मी म्हणणार नाही. दम्याला परागकण, धूर, विषाणू, थंडी असे कितीतरी वाटेकरी असतात, आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं असतं. पण तिनं घरात एक बदल करून घेतला. घर काढायच्या दिवशी आधी ओल्या फडक्यानं भिंती आणि फळ्या पुसायच्या, मग झाडायचं. वाकळा घरात न बडवता अंगणात न्यायच्या. आणि ती स्वतः त्या दिवशी मावशीकडे जायची. तिच्या आज्जी म्हणाल्या, "कामाच्या दिवशीच हिला बरी मावशी आठवती!" पण पुढच्या वर्षी ओलं फडकं त्यांच्याच हातात होतं. आदल्या दिवशी भिजवून पिळून ठेवायचं, ही त्यातली सुधारणा त्यांची.

शाळेत, कचेरीत, दवाखान्यात प्लेटा दाखवल्या की एक प्रश्न हमखास येतो. मॅडम, आमची खोली पास का नापास? लोकांना आकडा हवा असतो, पाण्याच्या अहवालात असतो तसा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हवेत अमुक बीजाणूंपर्यंत चालेल असा आकडा दिलेला नाही. माणसामाणसाची सहनशक्ती वेगळी, बुरशीच्या जाती वेगळ्या, आणि एकाच खोलीची हवा रुमाल सोडायच्या आधी आणि नंतर इतकी वेगळी. संघटनेचं सांगणं असं की ओल थांबवा. मी आतली प्लेट बाहेरच्या प्लेटशी ताडून बघते. बाहेर जे आहे तेच आत थोडं कमी असेल तर घर ठीक आहे. बाहेर नसलेली एखादी जात आत भरपूर असेल तर ती घरातच कुठंतरी वाढते आहे, आणि मग कपाट सरकवायचं. एका मुख्याध्यापकांना हे पटलं नाही. त्यांना फाइलला लावायला दाखला हवा होता. मी त्यांना लिहून दिलं की कुठल्या वर्गाची कुठली भिंत गळते, आणि ऑक्टोबरात कुठल्या दिवसांत मुलांना त्या वर्गात बसवून झाडलोट करू नये.

सध्या आम्ही खोल्यांत तापमान आणि आर्द्रता दर दहा मिनिटांनी नोंदवणाऱ्या डब्या लावतो. त्या काडेपेटीएवढ्या आणि स्वस्त झाल्या आहेत. त्यांतून एक नवीनच गोष्ट दिसू लागली आहे. पावसाळी पर्यटनामुळे इथं मुक्कामाच्या खोल्या वाढल्या, आणि त्यांत एसी आले. बाहेर 22 अंशांची गच्च ओली हवा असताना पाहुणे एसी 18 वर लावतात. खोली कोरडी वाटते, पण भिंत आणि गादी बाहेरच्या हवेच्या दवबिंदूच्या खाली जातात. पाहुणे निघाले, एसी बंद झाला, सफाईसाठी दार उघडलं की बाहेरची हवा त्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते. दर शनिवार-रविवारी हेच. गगनबावड्याच्या इतिहासात भिंत बाहेरच्या हवेपेक्षा गार करायची पद्धत पहिल्यांदाच आली आहे. आज्जींनी आयुष्यभर केलं त्याच्या बरोबर उलट.

एका मालकांनी खोल्यांत प्लेटा मांडायला होकार दिला आहे. हंगामात नको म्हणाले, पाहुणे विचारतात. ऑक्टोबरात या, तेव्हा सगळ्या गाद्या बाहेर काढून झटकतो, खोल्या मोकळ्याच असतात. सॅम्पलरसाठी अर्ज मी त्याच दिवशी टाकला.